सकाळच्या शिंका: धुळीची ॲलर्जी ओळखायची कशी, आटोक्यात आणायची कशी

डोळे उघडले की सलग आठ-दहा शिंका, टाळूला खाज, नाकातून पाण्याची धार, आणि आंघोळ-नाश्ता होईपर्यंत सगळं शांत. हा क्रम रोजचा असेल तर दही, केळं आणि गार पाणी यांच्यावरचा आळ आधी मागे घ्या. संशय घ्यायचा तो रात्रभर ज्या उशीत तोंड खुपसून झोपलात तिच्यावर.

'धुळीची ॲलर्जी' म्हणतो खरं, पण त्यात मातीचा वाटा थोडाच. मुख्य कारण म्हणजे धुळीत राहणारे माइट नावाचे आठ पायांचे जीव. लांबी पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या अंगावरून गळणारा कातडीचा कोंडा खातात आणि गादी-उशीत वाढतात. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी धुळीच्या ॲलर्जीचा धागा या जीवांपर्यंत नेऊन जोडला. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. कूस बदलली, चादर झटकली की ते कण उडतात आणि थेट नाकात जातात.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. ७० ते ८० टक्क्यांत त्यांची चंगळ. मुंबई, कोकण आणि गोव्यात त्यांना वर्षातला बराच काळ अशी हवा मिळते. पुण्या-नाशकाकडे मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांची संख्या रोडावते आणि पावसाबरोबर पुन्हा वाढते. त्यात गणपती-दिवाळीची झाडलोट येते, माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात, आणि घरातल्या एकाचं नाक हमखास बंद पडतं.

शरीरात काय घडतं, हे दोन टप्प्यांत समजून घेतलं तर पुढे कोणतं औषध कशासाठी हे आपोआप कळतं. ॲलर्जी असलेल्याच्या रक्तात माइटच्या प्रथिनांविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात, आणि ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. प्रथिन आलं की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं: काही मिनिटांत खाज, शिंका, पाणी. हा पहिला टप्पा. दुसरा चार ते आठ तासांनी येतो. इतर दाहक पेशी गोळा होतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. हिस्टामिन अडवणारी गोळी पहिल्या टप्प्यावर चांगली चालते, दुसऱ्यावर फारशी नाही. 'गोळी घेतो, शिंका थांबतात, पण नाक काही उघडत नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे.

सर्दी की ॲलर्जी

विषाणूची सर्दी सात ते दहा दिवसांत मावळते. सुरुवातीला घसा दुखतो, अंग मोडून येतं, कणकण असते. ॲलर्जीत ताप नसतो, खाज असते: नाकाला, टाळूला, कानाच्या आत, डोळ्यांना. मुलं तळहाताने नाक खालून वर रगडत राहतात. पुढे नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ कायमची उमटते. ती दिसली की अर्धं निदान झालंच. महिन्यातून दोनदा सर्दी होणारं, पण कधीच ताप न येणारं मूल असेल, तर ती बहुधा सर्दी नव्हेच.

काही लक्षणं मात्र ॲलर्जीच्या खात्यात टाकू नका. एकाच बाजूची नाकपुडी सतत बंद, स्रावात रक्त, वास येणं पूर्ण थांबणं, चेहऱ्याची एक बाजू दुखणं: अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाक पाहायला हवं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा किंवा खोडरबराचा तुकडा अडकलेला असू शकतो. आणि रात्रीचा खोकला, छातीत घरघर किंवा जिना चढताना धाप असेल, तर नाकासोबत दम्याचीही तपासणी करून घ्यायची. दोन्ही एकत्र येणं अगदी नेहमीचं आहे, आणि नाक बिघडलेलं ठेवून दमा नीट आटोक्यात येत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: शिंका किती वाजता आल्या, तेव्हा कुठे होतात, त्याआधीच्या तासात काय केलंत, आणि नाक रात्री बंद होतं का. तेवढ्यावरून खूप उलगडतं. अंथरुणात त्रास सर्वांत जास्त आणि वर्षभर असेल, तर माइट. बाहेर फिरल्यावर, ठरावीक महिन्यांत आणि डोळ्यांच्या खाजेसह असेल, तर परागकण. भिंतीला बुरशी आलेल्या खोलीत किंवा पुस्तकांचं जुनं कपाट उघडल्यावर असेल, तर बुरशी. स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटाजवळ असेल, तर झुरळं; त्यांची ॲलर्जी आपल्याकडे भरपूर आहे आणि तिच्याकडे दुर्लक्षही तितकंच होतं. आठवड्यातले चार दिवस किंवा त्याहून कमी, अथवा सलग चार आठवड्यांपेक्षा कमी त्रास असेल तर तो अधूनमधूनचा धरतात. दोन्ही मर्यादा ओलांडल्या तर कायमचा. झोप मोडते का आणि शाळा-कामावर परिणाम होतो का, हेही वहीत असू द्या. औषध किती लागणार ते यावरच ठरतं.

चाचणी: कोणती, कधी, आणि निकाल कसा वाचायचा

पहिली पसंती त्वचेवरच्या प्रिक टेस्टला. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडी हलकेच टोचतात. रक्त येता कामा नये. सोबत दोन थेंब तुलनेसाठी असतात: एक नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध पट्टीने मोजतात. सलाइनच्या जागेपेक्षा ती किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर निकाल होकारार्थी.

इथे चुका होतात त्या बहुतेक तयारीच्या. सेटिरिझिन, लिवोसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही याच जातीचं औषध दडलेलं असतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. झोपेसाठी, नैराश्यासाठी किंवा रक्तदाबासाठी काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ती औषधं आपल्या मनाने थांबवायची नाहीत. नाकातला स्टेरॉइड स्प्रे चालू राहिला तरी चालतो. हिस्टामिनच्या थेंबाचीच गांध उठली नाही, तर गोळीचा अंमल उतरलेला नाही असं समजायचं आणि त्या दिवसाचा सगळा निकाल बाद धरायचा. उलट सलाइनच्या जागीही गांध आली, तर कातडी नुसत्या ओरखड्यानेही फुगणारी आहे; मग रक्ताची चाचणी बरी.

रक्तात विशिष्ट आयजीई मोजतात. गोळ्या बंद करता येत नसतील किंवा कातडीवर इसब पसरलेलं असेल तेव्हा ती उपयोगी. त्यासाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. नुसती 'टोटल आयजीई' करून आलेला मोठा आकडा पाहून मात्र घाबरू नका: पोटात जंत असले तरी तो वाढतो. आणि केसाच्या नमुन्यावरून किंवा आयजीजी प्रतिपिंडांवरून शंभर पदार्थांची यादी देणारी पॅकेजं सरळ टाळा. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्या यादीवर विश्वास ठेवून मुलांचं दूध, गहू, अंडी सगळं बंद केलं जातं आणि मूल वाळत जातं.

निकाल वाचताना एक गोष्ट पक्की धरा. चाचणी होकारार्थी म्हणजे शरीराने त्या गोष्टीची नोंद घेतली आहे; तिचा त्रास होतोच असं नाही. म्हणून वही आधी आणि चाचणी नंतर. वहीत माइटची लक्षणं आणि चाचणीत माइटची गांध, असं जुळलं की निदान झालं. वहीत ज्याचा मागमूसही नाही अशा वांग्याची किंवा मुगाची गांध आली, तर वांगं-मूग खात राहा.

अंगावर, विशेषतः चेहरा, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत कोरडं, चिघळणारं, खाजरं पुरळ येत असेल, तर प्रिक टेस्टने काहीच कळणार नाही. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदवलं गेलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजर गवत शेतकऱ्यांमध्ये असं पुरळ उठवतं. ही ॲलर्जी आयजीईची नसून पेशींमार्फत होणारी, दोन दिवसांनी उमटणारी असते. तिच्यासाठी पॅच टेस्ट: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, काढून पाहायचं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पाहायचं. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही.

नाकातला स्प्रे आणि त्याची हातोटी

रोजच्या त्रासावर सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे नाकातला स्टेरॉइड स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा ब्युडेसोनाइड. 'स्टेरॉइड' ऐकून लोक बिचकतात. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि नव्या औषधांचा फारच थोडा भाग रक्तात उतरतो. मोठ्यांसाठी सुरुवातीला सहसा प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे, मुलांना एक. वयानुसार कोणतं औषध ते डॉक्टर ठरवतात. पहिल्या दिवशी फरक दिसेलच असं नाही, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून बाटली कपाटात जाते, ती बहुतेक घरांत.

दुसरं अपयश मारण्याच्या पद्धतीत. आधी नाक हलकेच शिंकरा. बाटली हलवा, नवी असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत पाच-सहा फवारे मारा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या हातात. असं केलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर तिथे खपली धरते आणि घोळणा फुटतो. दाबताना हळू श्वास घ्या, जोरात ओढू नका. औषधाची कडू चव घशात उतरली तर समजा, ते नाकात न राहता पोटात गेलं.

गोळ्यांपैकी लिवोसेटिरिझिन ५ मिग्रॅ, फेक्सोफेनाडिन १२० मिग्रॅ किंवा बिलास्टिन २० मिग्रॅ या मोठ्यांच्या नेहमीच्या मात्रा. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसासोबत घेतलं तर कमी शोषलं जातं. बिलास्टिन उपाशीपोटी घ्यायचं. क्लोरफेनिरामिन असलेली जुनी स्वस्त गोळी झोप आणते, म्हणून गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी टाळावी. आपल्याकडे लिवोसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट यांची जोडगोळी चण्या-फुटाण्यासारखी दिली जाते. मॉन्टेलुकास्टने काहींना भयाण स्वप्नं, चिडचिड, नैराश्य येतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मुलाचा स्वभाव अचानक बदलला, तर आधी औषधाची पट्टी पाहा.

नाक क्षणात उघडणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, तीन ते पाच दिवसांच्या पलीकडे नकोत. रक्तवाहिन्या आकसून ते नाक मोकळं करतात, अंमल उतरला की त्या दुप्पट फुगतात, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं असतात. त्यांचा आजार आता ॲलर्जी कमी आणि थेंब जास्त. सुटायचं तर स्टेरॉइड स्प्रे सुरू करून डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एका नाकपुडीतले थेंब सोडायचे, मग दुसरीतले. हंगामाच्या सुरुवातीला 'एकच इंजेक्शन' म्हणून कमरेत दिलं जाणारं लांब पल्ल्याचं स्टेरॉइड मात्र नको. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि टोचल्यावर ते परत काढून घेता येत नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेती, हा चांगला जोडउपाय. अर्धा लिटर पाण्यात ४.५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून जरा कमी मीठ. आगआग होत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या, विहिरीच्या किंवा तलावाच्या पाण्यातून नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. ते विरळा आहे, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक. केरळात अलीकडच्या वर्षांत असे मृत्यू झाले आहेत. नेती आधी, स्प्रे नंतर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

अंथरूण

सगळं घर निर्जंतुक करायला निघू नका. आठ तास ज्यात जातात ती एक खोली आणि त्यातली गादी, एवढ्यावर जोर लावा.

चादरी, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्याने बरीचशी विष्ठा धुऊन जाते, पण माइट जिवंत राहतात. मशिनला हीटर नसेल तर अर्धी बादली नळाचं पाणी घ्या आणि तितकंच खळखळ उकळतं पाणी त्यात ओता. पाणी साठीच्या आसपास येतं. कपडे टाकल्यावर ते निवतं, म्हणून उकळतं थोडं जास्तच घ्या, वर झाकण ठेवा, अर्धा तास भिजवा आणि मुलांना लांब ठेवा. गरम पाणी न चालणारी मऊ खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये, नंतर धुणं. गोठून मेलेला माइट आणि त्याची विष्ठा तिथेच असते, हे विसरायचं नाही.

गादी आणि उशीला सहाही बाजूंनी बंद होणारं, चेन असलेलं, दाट विणीचं माइट-रोधक कव्हर घाला. विणीची भोकं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत. नुसतं वरून अंथरायचं कव्हर कामाचं नाही. आणि पैसे घालण्याआधी हेही ऐका: मोठ्यांमध्ये एकटं कव्हर घालून लक्षणं फारशी कमी होत नाहीत. धुणं, कव्हर, ओलावा कमी करणं आणि औषध, हे सगळं एकत्र केलं तरच फरक पडतो. जुनी कापसाची गादी असेल तर एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन्ही बाजू पालटून दिवसभर तापवा आणि मग झोडपा. झोडपणारा माणूस ॲलर्जीवाला नको.

केरसुणीने कोरडं झाडणं म्हणजे खाली बसलेलं पुन्हा हवेत उडवणं, म्हणून आधी ओलं फडकं. पंख्याची पाती आणि एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. अंथरूण उठल्याउठल्या घडी करून कपाटात कोंबू नका, तासभर उघडं राहून सुकू द्या. महागड्या एअर प्युरिफायरकडून माइटसाठी फार अपेक्षा नको. विष्ठेचे कण जड असतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत.

स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी

पावसाळ्यात अनेक आठवडे उघडं पडलेलं पीठ, रवा किंवा डोशाचं तयार मिश्रण यांतही माइट वाढतात. माइटची तीव्र ॲलर्जी असलेल्याने ते खाल्लं तर अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, क्वचित जिवावर बेततं. उष्ण प्रदेशांतून अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. धिरड्यासारख्या पॅनकेकवरून त्याला 'पॅनकेक सिंड्रोम' असं नाव पडलं. शिजवल्याने प्रथिन पुरतं नष्ट होत नाही. पीठ थोडंथोडं दळून आणा, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरं कोळंबीचं. माइट, झुरळ आणि कोळंबी-खेकडे यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं एक सारखं प्रथिन असतं, त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना कोळंबी खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते किंवा पित्त उठतं. आजवर मजेत खात असाल, तर चाचणीतल्या गांधेसाठी सोडू नका.

खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा दंशानंतर पित्तासोबत घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर यातलं काही आलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका. तिथे ॲलर्जीची गोळी पुरत नाही. औषध आहे ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत: वजनाच्या दर किलोला ०.०१ मिग्रॅ, मोठ्यांना जास्तीत जास्त अर्धा मिग्रॅ. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच करा. धाप असेल तर टेकून बसू द्या, पण एकदम उभं करू नका. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्या, आणि बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबा, कारण झटका पुन्हा येऊ शकतो.

इम्युनोथेरपी कोणासाठी

स्प्रे नीट मारून, अंथरूण सुधारूनही त्रास हटत नसेल आणि वही व चाचणी दोन्ही माइटकडेच बोट दाखवत असतील, तर इम्युनोथेरपीचा विचार करावा. शरीराला सवय व्हावी म्हणून माइटचा अर्क वाढत्या मात्रेत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात. ही पद्धत १९११ पासून चालत आली आहे. किमान तीन वर्षं लागतात. सहा महिन्यांत सोडली तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, तिथे ॲड्रेनालिन तयार हवं. दमा आटोक्यात नसेल तर सुरू करायची नाही.

सुरू करण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. दहा-पंधरा गोष्टींचे अर्क एकत्र घातले की प्रत्येकाची मात्रा निकामी होण्याइतकी कमी होते. शिवाय झुरळ आणि बुरशीच्या अर्कांतली पाचक द्रव्यं बाकीच्या अर्कांना खाऊन टाकतात. ज्याचा त्रास होतो अशी एक-दोन नावं असलेली बाटली बरी.

स्प्रे जन्मभर लागेल का, हे सगळेच विचारतात. तीन महिने नाक शांत राहिलं तर डॉक्टरांना विचारून दोनाचा एक फवारा करा, आणखी महिनाभराने थांबवून पाहा. पावसाळ्यानंतर ज्यांचा त्रास वाढतो, त्यांनी पुढच्या वर्षी शिंका सुरू होण्याची वाट न पाहता दोन आठवडे आधी बाटली उघडावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी.